सिनियर इयर: ग्रॅज्युएशन आणि कॉलेज ॲप्लिकेशनबद्दल अमेरिकेतले मराठी आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

न्यू जर्सीत आमची दोन्ही मुलं पब्लिक हायस्कूलमधून शिकून बाहेर पडली. मोठीच्या वेळी आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, धाकट्याच्या वेळी जरा जरा कळायला लागलं होतं, आणि तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये मराठी शाळेतल्या, मंडळातल्या आईबाबांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आपण सगळे पुणे-नागपूर-कोल्हापूरला बारावी केलेली माणसं, इथली पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली नाही, आणि मुलं काही विचारतात तेव्हा आपल्याला उत्तर येत नाही हे फार लागतं मनाला. तारखा आणि रकमा दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे त्या कॉलेजच्या साइटवर एकदा बघूनच घ्या.

मुलगी बारावीत गेली. इथे बोर्डाची परीक्षाच नाही तर ॲडमिशन नक्की कशावर होते?

शेवटच्या एका परीक्षेवर सगळं ठरतं हे आधी डोक्यातून काढा. इथे हायस्कूल चार वर्षांचं, नववी फ्रेशमन, दहावी सोफोमोर, अकरावी ज्युनियर, बारावी सिनियर, आणि कॉलेजकडे जी ट्रान्सक्रिप्ट जाते तिच्यात नववीपासूनचे ग्रेड असतात. म्हणजे सिनियर इयरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ॲप्लिकेशन जातं तेव्हा अभ्यासाचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला असतो. ग्रेडसोबत हे पण बघतात की शाळेत जे अवघड कोर्स होते, एपी, ऑनर्स वगैरे, त्यातले मुलीने किती घेतले. शाळेत एपी पाचच असतील आणि तिने चार घेतले असतील तर ते चांगलंच, कारण शाळेचं प्रोफाइल काउन्सेलर सोबत पाठवतो आणि वाचणाऱ्याला तिथे काय काय मिळतं ते माहीत असतं.

त्यानंतर निबंध, ॲक्टिव्हिटी, शिक्षकांची पत्रं, आणि काही ठिकाणी एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा. कट-ऑफ लिस्ट नसते, कॅप राउंड नसतो. सारख्याच जीपीएच्या (म्हणजे ग्रेडच्या सरासरीच्या) दोन मुलांपैकी एकाला मिळतं आणि एकाला नाही, आणि का ते कोणी सांगत नाही, हे आपल्याला पचवायला सगळ्यात जड जातं.

सिनियर इयरमध्ये कधी काय करायचं, एकदा सरळ सांगा ना.

१ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची साइट, नवीन वर्षासाठी उघडतं, त्यावर एका वेळी जास्तीत जास्त २० कॉलेजं टाकता येतात. मुलांनी ऑगस्टमध्येच नाव-पत्ता-शाळा-ॲक्टिव्हिटी हे सगळं भरून मुख्य निबंधाचा कच्चा ड्राफ्ट तयार ठेवला तर पुढचे तीन महिने घरात भांडणं कमी होतात, हे अनुभवाने सांगते. सप्टेंबरमध्ये काउन्सेलरची भेट, कॉलेजांची यादी पक्की. अर्ली ॲक्शन आणि अर्ली डिसिजन (लवकर अर्ज करायचे दोन प्रकार, फरक पुढे सांगते) यांची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, काही ठिकाणी १५ नोव्हेंबर. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा फॉर्म वेगळा, तो १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबर संपेपर्यंत सबमिट करायचा असतो. रेग्युलर डिसिजन, म्हणजे नेहमीच्या अर्जाची तारीख, साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. अर्लीचे निकाल बरेचसे डिसेंबरच्या मध्यापासून, रेग्युलरचे मार्चअखेरपर्यंत, आणि १ मे पर्यंत एक कॉलेज नक्की करून डिपॉझिट भरायचं.

पण कॉलेजच्या तारखेच्या आधी शाळेची स्वतःची एक तारीख असते! ट्रान्सक्रिप्टची रिक्वेस्ट काउन्सेलरकडे दोन-तीन आठवडे, कुठे कुठे महिनाभर आधी टाकावी लागते. मोठीच्या वेळी आम्हाला हे माहीतच नव्हतं, कॉलेजची १ नोव्हेंबर म्हणून आम्ही निवांत, आणि शाळेची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघून गेली होती. काउन्सेलरने सांभाळून घेतलं पण चार दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही. तेव्हा फ्रिजवर दोन्ही तारखा लावा.

एसएटी द्यायची की नाही? सगळीकडे टेस्ट ऑप्शनल म्हणतात.

सगळीकडे नाही आता. कोविडमध्ये बहुतेकांनी ऑप्शनल केलं होतं, मग एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकनेही परत आणली. येलला एसएटी-एसीटी नसेल तर एपी किंवा आयबी या कोर्सच्या परीक्षांचे स्कोर चालतात, पण काहीतरी द्यावंच लागतं. दुसऱ्या टोकाला यूसी आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्नियाचीच दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी), तिथे स्कोर पाठवला तरी ॲडमिशनसाठी बघतच नाहीत. त्यामुळे आधी यादी, मग टेस्ट.

माझं मत विचाराल तर अकरावीत एकदा द्यावी, हवं तर बारावीच्या ऑगस्टमध्ये परत एकदा. मार्च २०२४ पासून अमेरिकेत एसएटी पूर्ण डिजिटल झाली, सव्वादोन तासांची, ब्लूबुक नावाच्या ॲपवर, आणि गणितात डेस्मॉस कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो, तो नीट वापरायला शिकलं तर फरक पडतो. सराव परीक्षा त्याच ॲपवर फुकट आहेत. पाचव्यांदा परीक्षेला बसवून १५२० चे १५४० करण्यात मुलाचे शनिवार घालवू नका प्लीज.

ॲक्टिव्हिटीमध्ये मराठी शाळा, ढोल-ताशा, गणपती हे लिहिलेलं चालतं का? की रोबोटिक्सच पाहिजे?

चालतं काय, लिहाच! कॉमन ॲपवर १० ॲक्टिव्हिटींची जागा असते आणि प्रत्येकीचं वर्णन फक्त १५० कॅरेक्टरमध्ये, शब्द नाही हं, कॅरेक्टर, त्यामुळे नेमकं लिहावं लागतं. "मराठी शाळेत मदत केली" याने काही कळत नाही. "पहिलीच्या १२ मुलांना तीन वर्षं दर रविवारी बाराखडी शिकवली" यातून मुलगा दिसतो. ढोल पथकात नवीन मुलांना ताल शिकवणं, गणेशोत्सवाच्या नाटकाची लाइट्स बघणं, अरंगेत्रम, हे सगळं खरं काम आहे.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणीच लिहीत नाही. आजी-आजोबा घरी असतील आणि मुलगी त्यांना डॉक्टरकडे नेत असेल, औषधं सांभाळत असेल, धाकट्या भावाला बसस्टॉपवरून आणत असेल, तर त्यासाठी कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदारी असा वेगळा प्रकारच आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने हे लिहायला सुरुवातीला साफ नकार दिला, म्हणाली की ही काय ॲक्टिव्हिटी आहे का मावशी, ही तर माझी आजी आहे. मी तिला म्हटलं की आठवड्याचे दहा तास तू हे करतेस, ते लपवलंस तर तू काहीच करत नव्हतीस असं वाटेल त्यांना. तिने लिहिलं.

मराठीचा अजून एक उपयोग म्हणजे सील ऑफ बायलिटरसी. दोन भाषा चांगल्या येणाऱ्या मुलांना डिप्लोमावर हा शिक्का मिळतो, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून सुरुवात केली आणि मग बाकीच्या राज्यांत पसरला. मराठीची परीक्षा तुमचं डिस्ट्रिक्ट मान्य करतं का ते वर्ल्ड लँग्वेज सुपरवायझरला ईमेल करून विचारा, आणि अकरावीतच विचारा कारण परीक्षेला वेळ लागतो.

निबंध आम्ही थोडा दुरुस्त करून दिला तर काय हरकत आहे?

स्पेलिंग बघा, वाक्य अर्धवट राहिलंय का बघा, एवढंच. मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो, आणि तो वाचणारी माणसं वर्षाला शेकडो असे निबंध वाचतात, सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पंचेचाळीस वर्षांच्या इंजिनियरची भाषा आली की त्यांना कळतं. एआयकडून लिहून घेतलेलं पण कळतं, गुळगुळीत असतं, आणि बऱ्याच कॉलेजांनी स्पष्ट लिहिलंय की मजकूर मुलाचाच हवा.

विषयाबद्दल सांगते. आपल्या मुलांना वाटतं की आपल्या आयुष्यात काही घडलंच नाही, मग ती भारतवारीवर लिहितात, विमानातून उतरले, गरिबी बघितली, डोळे उघडले. असे निबंध फार येतात. त्यापेक्षा छोटी खरी गोष्ट घ्या. धाकट्याने त्याच्या आजोबांसोबत व्हिडिओ कॉलवर बुद्धिबळ खेळण्यावर लिहिलं होतं, आजोबांना ऐकायला कमी येतं म्हणून दोघं खाली चाली टाइप करायचे, आणि मराठी टायपिंग शिकता शिकता तो त्यांची चेष्टा करायला शिकला, बस एवढंच होतं त्यात. मला पहिल्यांदा वाचून वाटलं की यात ॲचिव्हमेंट कुठेय? पण तो निबंध वाचून माझा मुलगा समोर येऊन बसल्यासारखं झालं, म्हणून मी गप्प बसले, आणि ते बरोबर होतं.

यूसीला हा निबंध लागत नाही, तिथे आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. तिथे साधं-सरळ लिहायचं, गोष्ट रंगवत बसायची गरज नाही. शिवाय प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजचे पुरवणी निबंध असतात, "आमचंच कॉलेज का" वगैरे, त्यात खरा वेळ जातो. १५ कॉलेजं म्हणजे चाळीसेक छोटे निबंध सहज होतात, यादी करताना हे लक्षात ठेवा.

शिक्षकांचं पत्र कोणाकडून घ्यायचं?

अकरावीत शिकवलेल्या दोन शिक्षकांकडून, शक्यतो एक गणित-सायन्सचा आणि एक इंग्लिश-हिस्ट्रीचा. ए प्लस दिलेला शिक्षक असायलाच हवा असं नाही, ज्याच्या वर्गात मूल धडपडलं आणि वर आलं तो जास्त चांगलं लिहितो. विचारायचं अकरावीच्या मे-जूनमध्ये, समोर जाऊन, कारण चांगल्या शिक्षकांकडे रांग असते आणि काही जण ठरावीकच पत्रं घेतात. कॉमन ॲपमध्ये फेर्पाचा (विद्यार्थ्याच्या शाळा-कॉलेजच्या कागदपत्रांबद्दलचा कायदा) प्रश्न येतो, की पत्र नंतर बघायचा हक्क सोडताय का, तिथे बहुतेक काउन्सेलर हो म्हणायला सांगतात कारण मग कॉलेजचा त्या पत्रावर विश्वास बसतो. पत्र गेल्यावर मुलाने हाताने लिहिलेलं थँक यू कार्ड द्यावं. यूसीला बहुतेकांना पत्रं लागतच नाहीत.

अर्ली डिसिजन केलं की चान्स वाढतो म्हणे. करावं का?

अर्ली डिसिजन म्हणजे करार. मूल, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करतात की मिळालं तर इथेच येणार आणि बाकीची ॲप्लिकेशन मागे घेणार. एकाच ठिकाणी करता येतं. मिळालेली आर्थिक मदत खरंच पुरत नसेल तर सुटता येतं, पण आम्हाला दुसरीकडे स्वस्त पडेल म्हणून सुटता येत नाही, आणि दुसरीकडे काय मिळालं असतं ते कळणारच नसतं. त्यामुळे ज्या घरात चार ऑफर समोर ठेवून खर्च तोलायचाय त्यांनी करू नये, स्पष्ट मत आहे माझं. अर्ली ॲक्शनमध्ये बंधन नसतं, फक्त निकाल लवकर, तिथे तयारी असेल तर जरूर करा. काही कॉलेजांचं रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन असतं, त्यात बंधन नाही पण दुसऱ्या प्रायव्हेट कॉलेजांत अर्ली करता येत नाही, पब्लिकमध्ये बहुतेक चालतं. बारीक अक्षरं वाचा.

यादीत किती कॉलेजं ठेवायची? मुलाला कंप्युटर सायन्सच करायचंय.

दहा-बारा पुरे. त्यात दोन तरी अशी ठेवा जिथे ॲडमिशन जवळपास नक्की आहे, फी झेपते, आणि मूल आनंदाने जाईल. ही तिसरी अट सगळे विसरतात आणि मग एप्रिलमध्ये रडारड होते.

कंप्युटर सायन्सबद्दल मात्र नीट ऐका. बऱ्याच मोठ्या पब्लिक युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मेजरप्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे, होते, आणि "आधी दुसऱ्या कशात तरी घुसू, मग सीएसला बदलू" हा प्लॅन इलिनॉय अर्बाना-शँपेन किंवा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन अशा ठिकाणी चालत नाही, आत गेल्यावर बदलणं फार अवघड आहे. याउलट ॲमहर्स्ट, विल्यम्स अशा छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे ठरवतात, पहिल्या दिवशी कोणी विचारतच नाही. आपल्या लोकांत या कॉलेजांची नावंच माहीत नसतात, लिबरल आर्ट्स म्हटलं की आर्ट्सला घातलं का असं विचारतात, पण तिथे गणित, फिजिक्स, सीएस सगळं असतं आणि वर्ग लहान असतात.

पैशाचं काय? आमचा पगार बरा आहे, मग फाफ्सा भरून उपयोग काय?

भरा. फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, तो फुकट आहे, साधारण १ ऑक्टोबरला उघडतो (२०२३ मध्ये नवीन फॉर्मच्या गोंधळामुळे डिसेंबरअखेर गेला होता, तेव्हा बातम्यांवर लक्ष ठेवा), आणि मुलाच्या नावावरचं सरकारी लोन, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, हे पगार कितीही असला तरी फाफ्साशिवाय मिळत नाही. काही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिपलाही फाफ्सा मागतात. मूल आणि पालक दोघांची वेगवेगळी खाती लागतात, ती सप्टेंबरमध्येच उघडा. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून घेतात, म्हणजे २०२६ च्या फॉलसाठी २०२४ चं.

दोन मुलं एकदम कॉलेजात असली की पूर्वी सवलत मिळायची, ती २०२४-२५ पासून फाफ्साच्या हिशोबातून गेली. जुळ्यांच्या आईबाबांनी हे जुन्या माहितीवर धरून चालू नये.

बरीच प्रायव्हेट कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा दुसरा फॉर्म पण मागतात, तो फार खोलात जातो, घराची किंमत, धंदा, सगळं. "पुण्यातला फ्लॅट दाखवायचा का" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. तुम्ही राहता ते घर सोडून बाकीची प्रॉपर्टी दोन्हीकडे दाखवावी लागते, त्यामुळे हो, दाखवायचा, खोटी माहिती देऊन मुलाची ॲडमिशन धोक्यात घालू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही प्रायव्हेट कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलरच्या वर गेलाय. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो यादी करतानाच वापरा, आणि मुलाला बारावी सुरू होण्याआधी जेवणाच्या टेबलावर खरा आकडा सांगा की आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो. आपण मुलांशी पैशाचं बोलत नाही, त्याला टेन्शन नको म्हणतो, आणि मग मार्चमध्ये स्वप्नातलं कॉलेज मिळाल्यावर नाही म्हणतो. ते दुःख मी दोन घरांत जवळून बघितलंय आणि ते टाळता आलं असतं.

आम्ही एच-१बीवर आहोत, ग्रीन कार्ड रांगेत. मुलाला काय मिळतं?

मूल इथे जन्मलेलं असेल तर ते सिटिझन आहे आणि फाफ्सा भरू शकतं, आईबाबांचा व्हिसा कोणताही असो, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेला पालकही खातं उघडू शकतो. हे खूप जणांना माहीत नसतं.

मूल एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर सरकारी मदत आणि लोन मिळत नाही, आणि पगारी नोकरी किंवा पेड इंटर्नशिप करता येत नाही. बऱ्याच राज्यांत आईबाबांच्या रहिवासावर इन-स्टेट फी (राज्यातल्या मुलांची कमी फी) मिळते, पण नियम राज्याचा असतो, रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या ऐन मध्यावर, तेव्हा एफ-१ या स्टुडंट व्हिसावर जावं लागतं. एफ-१ झाल्यावर इन-स्टेट फी राहते का हेही आधीच विचारून ठेवा, आणि वकिलाशी बोलायला विसाव्या वर्षापर्यंत थांबू नका, बारावीतच बोला.

काही कॉलेजं एच-४ मुलांना आर्थिक मदतीसाठी इंटरनॅशनल धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन इथे मात्र कोणत्याही देशाच्या मुलाची ॲडमिशन ठरवताना पैसे लागतील का हे बघत नाहीत आणि गरज असेल तेवढी मदत देतात. तिथे मिळणं महाकठीण आहे हे खरं, पण व्हिसामुळे अर्जच केला नाही असं करू नका. ही मुलं दोन-तीन वर्षांची असताना इथे आली, इथेच वाढली, आणि बारावीत येऊन त्यांना कळतं की आपण बाकीच्यांसारखे नाही. त्यांच्याशी याबद्दल आधी बोला, त्यांना हे एखाद्या फॉर्मवरून कळू देऊ नका.

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक काय म्हणतील?

लोकांचं सोडा. कम्युनिटी किंवा काउंटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना एनजे स्टार्समधून काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते, अटी बघून घ्या. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज करून ठरलेले कोर्स आणि ग्रेड पूर्ण केले तर यूसीच्या सहा कॅम्पसपैकी एकाची ट्रान्सफर गॅरंटी मिळते, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. शेवटी डिग्रीवर त्याच युनिव्हर्सिटीचं नाव येतं. ज्या मुलाला अजून काय करायचंय ते कळलेलं नाही त्याच्यासाठी तर हा फार शहाणपणाचा रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रायव्हेट काउन्सेलरला हजारो डॉलर द्यावेत का?

आम्ही दिले नाहीत. शाळेचा काउन्सेलर खूप मुलांत वाटला गेलेला असेल आणि तुम्हाला दोघांनाही अजिबात वेळ नसेल तर दोन-चार तासांचा सल्ला घेऊन यादी तपासून घ्या. हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही कॉलेजची गॅरंटी देणाऱ्याला किंवा स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक डॉलर देऊ नका.

डिफर झाला, म्हणजे संपलं का? आणि रिजेक्ट झाल्यावर घरात कसं वागायचं?

डिफर म्हणजे अर्लीत ठरवलं नाही, रेग्युलरच्या मुलांबरोबर परत बघणार. मुलाने एक छोटं पत्र पाठवावं, मध्यंतरी नवीन काय झालं आणि अजून यायची इच्छा आहे एवढंच, एक पान. वेटलिस्टलाही तसंच, पण वेटलिस्टच्या भरवशावर न राहता १ मे आधी दुसरीकडे डिपॉझिट भरा. दोन कॉलेजांत डिपॉझिट भरून ठेवू नका, कोणाच्या तरी मुलाची जागा अडते आणि उघडकीला आलं तर दोन्ही जाऊ शकतात.

रिजेक्शनच्या रात्री काही बोलू नका. खरंच. पिठलं-भात करा, त्याला आवडतं ते करा, आणि शेजारी बसा. "मी सांगितलं होतं ना अजून एक एपी घे" हे वाक्य मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. निकालाच्या आठवड्यात पॉटलकला गेलात आणि कोणी विचारलं की कुठे कुठे लागलं, तर "ठरलं की तो स्वतः सांगेल" म्हणायचं आणि विषय बदलायचा, ती बातमी त्याची आहे. आजीला पुण्याला फोनवर काय सांगायचं तेही त्यालाच विचारून सांगा.

ॲडमिशन मिळाली. आता शेवटचे महिने अभ्यास नाही केला तर चालतं ना?

नाही चालत. ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं असतं की वर्षअखेरची ट्रान्सक्रिप्ट बघणार, आणि ए चे डी झाले किंवा घेतलेला कोर्स न कळवता सोडला तर ऑफर काढून घेऊ शकतात. थोडं ढिलं पडणार, प्रॉम आहे, मित्रांबरोबरचे शेवटचे महिने आहेत, ते हवंच, पण कोर्स सोडायचा असेल तर आधी कॉलेजला ईमेल.

ग्रॅज्युएशनच्या अटीही जानेवारीत एकदा काउन्सेलरकडून तपासून घ्या. राज्याराज्यात फरक आहे. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट लागतात आणि त्यात पीई (शारीरिक शिक्षण) आणि फायनान्शियल लिटरसी पण आहे, मेरीलँडमध्ये ७५ तास सर्व्हिस लर्निंगचे, म्हणजे समाजसेवेचे. सायन्समध्ये हुशार मुलं पीईच्या अर्ध्या क्रेडिटवर अडकलेली बघितली आहेत मी. लायब्ररीचं पुस्तक, लॅपटॉप, लंचचे राहिलेले पैसे हेही भरून टाका, बऱ्याच शाळा त्याशिवाय मुलांचं चेकआउट करत नाहीत.

अठरा पूर्ण होतात तेव्हा काही कागद करावे लागतात का?

हो, आणि हे कोणी सांगत नाही. अठरा झाले की कायद्याने ते मूल मोठं माणूस. कॉलेज तुम्हाला ग्रेड सांगणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. आणि हॉस्पिटल तुम्हाला माहिती द्यायला नाही म्हणू शकतं. मूल घरापासून पाच तासांवर असताना अपेंडिक्सचं दुखणं निघालं तर काय? म्हणून जायच्या आधी मेडिकल माहिती पालकांना देण्याची परवानगी आणि हेल्थ केअर प्रॉक्सी (मूल बोलू शकत नसेल तर उपचाराचे निर्णय पालकांनी घ्यायचा अधिकार), हे दोन कागद सही करून फोनमध्ये फोटो ठेवा. लसींची यादी कॉलेजला पाठवायची असते, बऱ्याच राज्यांत डॉर्मसाठी मेनिंजायटिसची लस सक्तीची आहे, जुलैमध्ये डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही तेव्हा मेमध्येच घ्या.

भारतात शिकायला पाठवायचं असेल तर?

मेडिकलसाठी नीट ही परीक्षा द्यावीच लागते. एनआयटीसाठी परदेशातल्या मुलांचा दासा हा मार्ग आहे आणि आता तो जेईई मेनच्या स्कोरवर चालतो. अमेरिकन डिप्लोमाला बऱ्याच ठिकाणी एआययूचं (भारतातल्या विद्यापीठांची संघटना) इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट, म्हणजे डिप्लोमा बारावीच्या तोडीचा असल्याचा दाखला, मागतात. हे अकरावीतच ठरवायला हवं, बारावीच्या मार्चमध्ये सुचून उपयोग नाही.

आजी-आजोबांना ग्रॅज्युएशनला बोलवायचंय, तिकिटं कधी काढू?

विमानाचं की समारंभाचं? दोन्हीची गंमत वेगळी आहे. आपल्याकडे न्यू जर्सीत समारंभ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतो, टेक्सससारख्या राज्यांत मेच्या शेवटीच, आणि आपल्याकडे स्नो डे झाले की शाळेचा शेवटचा दिवस पुढे सरकतो आणि त्याबरोबर कधी कधी ग्रॅज्युएशनची तारीखही. त्यामुळे आजी-आजोबांचं परत जायचं तिकीट जुलैचं काढा, जूनच्या वीस-बावीसचं नको. व्हिसा नसेल तर अपॉइंटमेंटला महिनोन्‌महिने लागू शकतात, आदल्या उन्हाळ्यातच बघायला लागा.

समारंभाला प्रत्येक घराला मोजकेच पास मिळतात. आमच्या शाळेत मैदानात झालं तर जास्त आणि पाऊस आला, जिममध्ये न्यावं लागलं, तर दोनच, असं होतं, म्हणजे पावसाचे पास वेगळ्या रंगाचे. एप्रिलमध्येच शाळेला विचारा की किती आहेत आणि जास्तीचे मिळतात का, बऱ्याच घरांत कमी माणसं असतात आणि ती आनंदाने देतात. कॅप-गाउनचा ऑर्डर फॉर्म हिवाळ्यातच येतो, तो बॅकपॅकच्या तळाशी सापडतो, बघून घ्या. मैदानावर खुर्च्या तापलेल्या असतात, आजीसाठी छोटी गादी, टोपी आणि पाण्याची बाटली न्या, आणि आजोबांना बसायला कडेची जागा मिळावी म्हणून तासभर आधी पोचा.